मानलेल्या नात्यांचा आधार

कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत संसार केलेल्या एक निवृत्त शिक्षिका अनेक वर्षांपासून माझ्याकडे रक्तदाब तपासून घेण्यास येतात. त्यांची हकीकत त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने सांगतो. एरवी १३०/८० च्या आसपास राहणारा त्यांचा रक्तदाब गेल्या पावसाळ्यात सलग दोन भेटींत १७० च्या वर आढळला. गोळ्या नियमित होत्या, मिठाचे पथ्यही पाळलेले होते. झोपेची चौकशी करताच बाईंनी पिशवीतून एक कादंबरी काढून मेजावर ठेवली. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’. शिक्षणासाठी पुण्यात राहणाऱ्या नातवाने ती दिली होती.

“डॉक्टरसाहेब, पुस्तक देऊन त्याला काय सांगायचे होते ते मला समजले. आता एवढेच सांगा, हा आजार आहे का?”

नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिच्यावरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असा कल ‘बदलून देण्याचे’ उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. तेव्हा ‘मुलाला बरे करून देतो’ असे कोणी म्हणाले, तर तिथून उठून यावे.

बाईंचा दुसरा प्रश्न अधिक मार्मिक होता. “अशी मुले सुखात राहतात, अशी एखादी गोष्ट नाही का?”

प्रश्न रास्त होता. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात मित्राचा शेवट करुण आहे. २००६ च्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूवर प्रेम करतात, तो निघून जातो आणि दोघे दुःखात मागे उरतात. या महत्त्वाच्या कलाकृती आहेत. परंतु एवढेच वाचलेल्या आजीला आपल्या नातवाच्या वाट्याला केवळ एकाकीपण दिसते आणि ती रात्रभर जागते.

मी त्यांना आर्मिस्टेड मॉपिन यांच्या ‘टेल्स ऑफ द सिटी’ या हलक्याफुलक्या कादंबरीमालेची गोष्ट सांगितली. १९७६ मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोतील एका दैनिकात क्रमशः येऊ लागली आणि १९७८ मध्ये पहिले पुस्तक निघाले. अ‍ॅना मॅड्रिगल नावाची वयस्क घरमालकीण आपल्या भाडेकरूंना लेकरांसारखे सांभाळते. त्यांतला मायकेल पुरुषाच्या प्रेमात पडतो, फजित होतो, पुन्हा प्रेमात पडतो. पुढच्या भागात गिलान-बारे या मज्जातंतूंच्या आजाराने तो लुळा पडतो, तेव्हा त्याच्या उशाशी असतात ती हीच मंडळी.

बाई हसल्या. “म्हणजे आमची वसाहतच की!” त्यांच्या यजमानांच्या छातीत मध्यरात्री कळ आली, तेव्हा त्यांना नागपूरला नेणारा शेजारी परजिल्ह्यातला, परजातीचा होता. मराठीत अशा नात्याला जुना शब्द आहे, मानलेला भाऊ. ज्यांच्या रक्ताच्या नात्यांनी दार लावून घेतले, अशा तरुणांना ही मानलेली नातीच तारतात. आणि मुले दूरदेशी गेलेल्या वृद्धांनाही तीच तारतात.

घरात असा प्रसंग आला, तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मुलाने सांगितलेले शांतपणे ऐकावे, लगेच उत्तर देण्याची घाई नको. ‘लग्न केले की सुधारेल’ या समजुतीने दोन आयुष्ये पोळतात, म्हणून तसा आग्रह धरू नये. ‘ताप आला तर तुझ्याजवळ कोण असते?’ हे विचारून त्या व्यक्तीचा क्रमांक टिपून ठेवावा. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता दिली नाही, म्हणून कागदपत्रांना महत्त्व आहे. समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि एकमेकांचे नामनिर्देशन करण्यास आडकाठी नाही, हे केंद्र सरकारने २०२४ मध्ये स्पष्ट केले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नातेवाईकच असावा, असेही बंधन नाही. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनीही ही तरतूद जाणून घ्यावी. मन मोकळे करण्यासाठी पालकांचा ‘स्वीकार’ हा गट आहे, नागपुरात ‘सारथी ट्रस्ट’ आहे. काळजीच्या दिवसांत रक्तदाबाच्या गोळ्या मात्र स्वतःहून कमी-जास्त करू नयेत.

दिवाळीनंतर बाईंचा रक्तदाब १३६/८२ भरला. गोळी मी वाढविली होतीच, त्यामुळे सारे श्रेय गोष्टीला देता येणार नाही. पण झोप परत आली होती. दिवाळीत नातवाबरोबर त्याचा मित्रही आला होता. तुम्हाला काय म्हणू, असे त्याने संकोचून विचारले, तेव्हा बाईंनी त्याच्या ताटात आणखी एक सांबारवडी वाढली आणि म्हणाल्या, “आजी म्हण. आणि पोटभर जेव.”