०२२ म्हणजे किती?
स्क्रिप्टिंगची तोंडओळख : भाग ७

मागच्या आठवड्यात आपण टाइप म्हणजे काय ते पाहिलं. पायथन, जावास्क्रिप्ट, पीएचपी या स्क्रिप्टिंग भाषांत टाइप आधी जाहीर करण्याची सक्ती नसते. समोर आलेली गोष्ट संख्या आहे, मजकूर आहे की खरं-खोटं, हे भाषा प्रोग्रॅम चालताना ठरवते. हे ठरवणं म्हणजे टाइप रिझोल्यूशन आणि एका टाइपमधून दुसऱ्यात नेणं म्हणजे टाइप कन्व्हर्जन. या दोन्हींची चाचणी कशी घ्यायची, हा आजचा विषय.

उदाहरण आपल्या रोजच्या ओळखीचं घेऊ : ०२२. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही लँडलाइनचा हाच एसटीडी कोड. (या लेखात सगळे अंक देवनागरीत छापले आहेत. प्रोग्रॅममध्ये ते इंग्रजी अंकांत आहेत असं समजा. जिथे देवनागरीच हवेत तिथे तसं सांगितलं आहे.)

समजा, एखाद्या दवाखान्याच्या नोंदवहीसाठी आपण स्क्रिप्ट लिहितो आहोत. ०२२ अवतरणचिन्हांत असेल तर तो तीन अक्षरांचा मजकूर. तोच पायथनच्या इंट फंक्शनला दिला की २२ मिळतात. पुढचं शून्य गेलं. अवतरणचिन्हं न देता थेट लिहिला तर पायथन ३ सिंटॅक्स एरर देऊन थांबतो. पायथन २ मात्र न थांबता १८ देत असे. जावास्क्रिप्टही, स्ट्रिक्ट मोड चालू नसेल तर, आजसुद्धा १८ देते. कारण जुनं आहे : सी भाषेपासून चालत आलेल्या रिवाजानुसार पुढे शून्य लावलेली संख्या अष्टमान पद्धतीची धरतात. दोन गुणिले आठ, अधिक दोन, म्हणजे अठरा. तीच तीन चिन्हं, पण उत्तरं चार : मजकूर, २२, १८ आणि एरर.

सेटिंग्ज लिहिण्यासाठी वापरतात त्या यॅमलमध्ये तर टाइप फक्त दिसण्यावरून ठरतो. यॅमल १.१ च्या नियमांत ०२२ म्हणजे १८. २००९ मध्ये आलेल्या १.२ मध्ये तेच २२. पायथनमध्ये सर्रास वापरली जाणारी पायवायॅमल ही लायब्ररी अजून १.१ चे नियम पाळते. तिच्यात लोकलचं वेळापत्रक भरून पाहा. ०९:५८ शून्याने सुरू होतं, म्हणून ते मजकूरच राहतं. १०:०१ मात्र साठमान पद्धतीची संख्या ठरते आणि ६०१ होऊन बाहेर पडते. एकाच रकान्यात दोन टाइप! सकाळच्या नऊच्या गाड्यांवर चाचणी घेणाऱ्याला हा घोळ कधीच दिसणार नाही.

आता ०२२ खरोखर देवनागरी अंकांत टाइप करू. मराठी कीबोर्ड वापरणारा माणूस फॉर्ममध्ये हेच करणार, आणि तो त्याचा हक्क आहे. पायथनचं इंट फंक्शन हे अंक ओळखतं आणि २२ देतं. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन 'नॅन', म्हणजे 'ही संख्या नव्हे', असं उत्तर देतं. पीएचपीमध्ये इंटिजर कास्ट केलं तर हाती येतं शून्य, तेही कुठलीही सूचना न देता. अंकाचा आकार फॉन्टमधून येतो. पण अंकाचं मूल्य नोंदलेलं असतं युनिकोडच्या कोष्टकात. पायथन ते कोष्टक वाचतो. जावास्क्रिप्ट आणि पीएचपी रूपांतर करताना वाचत नाहीत.

मग चाचणी घ्यायची कशी?

पहिली गोष्ट : उत्तराच्या किमतीबरोबर टाइपही तपासा. पायथनमध्ये १ आणि ट्रू समान मानले जातात, २२ आणि २२.० सुद्धा. त्यामुळे फंक्शनने संख्येऐवजी ट्रू परत केलं तरी फक्त समानता पाहणारी टेस्ट पास होते. जावास्क्रिप्टमध्ये नॅन स्वतःच्याही बरोबरीचं नसतं, म्हणून तिथे तीन बरोबरच्या चिन्हांनी तुलना न करता नंबरचं 'इजनॅन' वापरावं.

दुसरी : काय नाकारलं गेलं पाहिजे, याच्याही टेस्ट लिहा. रिकामी स्ट्रिंग दिली तर पायथनचं इंट एरर देतं, जावास्क्रिप्टचं नंबर मात्र शून्य. न भरलेल्या रकान्याचं शून्य झालं की ते पुढच्या बेरजेत बेमालूम मिसळतं, आणि मग चूक शोधायला अख्खा दिवस जातो.

तिसरी : रूपांतर उलट फिरवून पाहा. मजकुराची संख्या करा, तिचा पुन्हा मजकूर करा आणि मूळ मजकुराशी ताडा. ०२२ चं २२ होऊन परत आलं, तर काहीतरी हरवलं आहे हे लगेच कळतं.

चौथी, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची : नमुने विचारपूर्वक निवडा. अंधेरी पूर्वचा पिनकोड ४०००६९, मुलुंड पश्चिमचा ४०००८०. भारतातला कुठलाच पिनकोड शून्याने सुरू होत नाही, म्हणून पिनकोडवर घेतलेली ही उलट फिरवण्याची चाचणी बिनबोभाट पास होते. तीच चाचणी एसटीडी क्रमांकावर चालवली की कोसळते. नमुने सोपे असतील तर टेस्ट पास झाल्याच्या हिरव्या खुणांना काही अर्थ नाही.

या सगळ्यातून नियम निघतो तो असा : ज्या अंकांची बेरीज-वजाबाकी करायची नाही, त्यांची संख्या करूच नका. फोन, पिनकोड, बसचा क्रमांक हे अंकांनी लिहिलेलं नाव आहे. ते मजकूर म्हणूनच ठेवा. जिथे खरोखर संख्या हवी, तिथे रूपांतर भाषेच्या मर्जीवर न सोडता स्वतः आणि उघडपणे करा.

या आठवड्याचा सराव : तुमच्या कुठल्याही स्क्रिप्टमधलं एक रूपांतर निवडा आणि त्याला पाच नमुने द्या : ०२२, देवनागरी अंकांतलं ०२२, रिकामी स्ट्रिंग, पुढे-मागे मोकळी जागा असलेला आकडा आणि १०:०१. प्रत्येकाचं अपेक्षित उत्तर आणि टाइप स्क्रिप्ट चालवण्याआधी कागदावर लिहा. पुढच्या भागात तारखांचं रूपांतर पाहू. तेव्हा हा कागद हाताशी ठेवा.