शनिवार-रविवार माथेरान

दोन दिवसांची सुट्टी असेल तर माथेरानच गाठा. दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाड्यांना बंदी. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर; चालत, घोड्यावर किंवा अमन लॉजहून शटलने. १९०७ साली सुरू झालेली नेरळची मिनी ट्रेन हवी असेल तर पावसाळा टाळा, तेव्हा ती बंद असते. शटल मात्र बहुतेकदा चालू. सूर्योदयाला पॅनोरमा पॉइंट, मावळतीला पॉर्क्युपाइन. घोड्याचे दर आधीच ठरवून घ्या. लाल मातीत पांढरे बूट नकोत, धुऊनही डाग जात नाहीत. आणि माकडांसमोर वेफर्सचं पाकीट काढलंत, तर ते गेलंच म्हणून समजा! शक्य असेल तर शनिवार सोडून मधल्या वारी जा. खोल्याही स्वस्त पडतात.