खेळ अंगणापर्यंत कसा पोहोचला: महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा मागोवा

महाराष्ट्रात खेळातून शिक्षणाचा विचार रुजला तो भावनगरमार्गे. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह काढले होते. तिथली पद्धत हा बालमंदिराचा पाया. गिजुभाईंनी तिला गोष्टी, गाणी आणि नाटुकल्यांची जोड दिली. मुंबईच्या पदवीधर ताराबाई मोडक या कामात सामील झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाची ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत आणि पुढे मराठीतही निघू लागली. लहान मुलाला मारू नये, घोकायला लावू नये, त्याच्या हातांना काम द्यावे, हे त्या काळी पालकांना पुन्हा पुन्हा पटवून द्यावे लागे.

ताराबाई १९३६ मध्ये मुंबईला परतल्या आणि दादरला शिशुविहार सुरू झाला. तिथे मुले मॉन्टेसरी साधनांशी खेळत. दट्ट्यांची पेटी हे त्यातले नमुनेदार साधन. लाकडी ठोकळ्यातल्या खाचांमध्ये कमी-जास्त जाडीचे दट्टे बसवायचे असतात. एक दट्टा चुकीच्या खाचेत गेला की शेवटी उरलेला दट्टा उरलेल्या खाचेत नीट बसत नाही, आणि मुलाला आपली चूक आपणच कळते. दट्ट्याची मूठ अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरावी लागते. पुढे पेन्सिल धरायलाही हीच पकड लागते. खेळ वाटणाऱ्या या कामात लेखनाची आणि मापनाची तयारी होत असते. मात्र ही साधने महाग होती आणि शिशुविहारात येणारी मुले बहुतेक मध्यमवर्गीय घरांतली होती. गरिबाच्या मुलाला हे कसे मिळणार, हा प्रश्न पुढची कित्येक दशके या चळवळीबरोबर राहिला.

त्याचे पहिले ठोस उत्तर डहाणूजवळच्या बोर्डी गावात शोधले गेले. ताराबाईंनी १९४५ मध्ये तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. लहान वयात वैधव्य आलेल्या आणि जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ याच वेळी त्यांच्याबरोबर आल्या. हे वर्ष त्या परिसरात वारली आदिवासींच्या वेठबिगारीविरुद्धच्या उठावाचे होते. गावातल्या बालवाडीत सुस्थितीतल्या घरांची मुले येत; वस्ती-पाड्यांवरची मुले फिरकत नसत. आईबाप मजुरीला जात, मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळत, अंगावर धड कपडे नसत. तेव्हा मुले येत नसतील तर शाळेनेच त्यांच्याकडे जावे, असे ठरले. शिक्षिका साहित्य घेऊन वस्तीत जाऊ लागल्या आणि घरापुढच्या अंगणात वर्ग भरू लागला. हीच अंगणवाडी.

अंगणातल्या वर्गाची सुरुवात अंघोळीने, नखे कापण्याने, केस विंचरण्याने होई. साधनेही बदलली. महागड्या पेट्यांच्या जागी चिंचोके, शिंपले, गारगोट्या, पाने-फुले, बिया आणि मातीची भांडी आली. शिंपले लहानमोठे लावताना क्रम समजतो. एकेका शिंपल्यावर एकेक बी ठेवताना एकास-एक संगती, म्हणजे मोजणीचा पाया, पक्का होतो. खडबडीत आणि गुळगुळीत दगड डोळे मिटून ओळखताना स्पर्शाला शब्द मिळतो. साधन स्वस्त झाले म्हणून त्यामागचे शास्त्र सैल झाले नाही, हे बोर्डीचे सर्वांत मोठे देणे. मुलाने काय हाताळावे आणि कोणत्या क्रमाने, याचा विचार शिक्षिकेच्या मनात पक्का असेल, तर दुकानातल्या खेळण्यांवाचून अडत नाही.

केंद्र १९५७ मध्ये जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि प्रयोगाचा पैस वाढला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात असलेली विकासवाडी उभी राहिली, त्यामुळे धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगीही शाळेत येऊ शकली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली: गुरे चरायला जिथे जातील तिथे शिक्षकही साहित्यासह जात. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढची जवळपास दोन दशके अनुताईंनी हे काम चालवले. अनुताई आणि रमेश पानसे यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ग्राममंगल संस्थेने हाच धागा पुढे नेला.

दरम्यान शासनाने हे क्षेत्र हाती घेतले. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक वस्तीत अंगणवाडी असावी, असा आदेश दिला. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. महाराष्ट्रात त्यांची संख्या लाखाच्या वर आहे. बोर्डीच्या मोजक्या अंगणांत घडलेले काम गावोगावी गेले, ही फार मोठी गोष्ट. पण योजनेत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि आहार-आरोग्य शिक्षण यांच्या जोडीला पूर्वप्राथमिक शिक्षण ही सहावी सेवा होती. आहारवाटप, वजने, सर्वेक्षणे आणि नोंदवह्या यांत सेविकेचा दिवस सरतो आणि खेळाचा तास आकसतो. अल्प मानधनावर एवढे सगळे निभावणाऱ्या सेविकेला यासाठी बोल लावणे अन्यायाचे आहे. ताराबाई-अनुताईंच्या प्रयोगात बालशिक्षणाचा अभ्यास केलेली आणि त्याच कामाला वाहिलेली शिक्षिका होती. विस्ताराच्या घाईत नेमकी तीच गोष्ट मागे पडली.

शहरांत वेगळेच घडले. खासगी नर्सरी आणि केजीचे वर्ग झपाट्याने वाढले. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल आली, गृहपाठ आला, प्रवेशासाठी मुलाची मुलाखत आली. यशपाल समितीने १९९३ च्या अहवालात नर्सरी प्रवेशासाठीच्या परीक्षा आणि मुलाखती बंद करण्याची शिफारस केली. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावण्यास मनाई केली. मात्र त्या कायद्याने दिलेला हक्क सहा ते चौदा वयोगटाचा आहे. त्याआधी २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन आणि शिक्षण मार्गदर्शक तत्त्वांत ठेवले होते. सर्वांत वेगाने वाढ होण्याचे वय त्यामुळे हक्काबाहेरच राहिले.

राष्ट्रीय बाल्यावस्था संगोपन व शिक्षण धोरण २०१३ मध्ये आले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा सलग पायाभूत स्तर मानला: अंगणवाडी किंवा बालवाटिकेची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी. त्यावर आधारित २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्याने मुक्त खेळ, मार्गदर्शित खेळ आणि नियमबद्ध खेळ असे प्रकार सांगून खेळाला अध्यापनाच्या केंद्रस्थानी ठेवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ हा खेळणी, कोडी, बाहुल्या आणि गोष्टींचा संच आला. गिजुभाई आणि ताराबाई शंभर वर्षांपूर्वी जे सांगत होते, ते आता शासनाचे अधिकृत धोरण आहे.

या शंभर वर्षांत खेळातून शिक्षणाचे शास्त्र फारसे बदललेले नाही. ते किती मुलांपर्यंत आणि कोणाच्या हातून पोहोचते, हेच बदलत गेले. दादरला ते नेटके होते, पण थोड्यांपुरते. बोर्डी-कोसबाडला ते गरिबांच्या दारी गेले आणि नेटकेही राहिले, कारण शिक्षिका तयारीची होती. सरकारी योजनेने ते सर्वदूर नेले, पण शिक्षिकेच्या तयारीकडे आणि तिच्या वेळेकडे पुरेसे पाहिले नाही. म्हणून नव्या धोरणाचे यश पिटाऱ्यांच्या संख्येवर मोजता येणार नाही. सेविकेला चांगले प्रशिक्षण, पुरेसे मानधन आणि मुलांबरोबर बसायला रोजचे काही निर्वेध तास मिळतात का, यावरच ते ठरेल.