सेवेतून आलेली सत्ता

अर्थशास्त्रात ग्राहकाला राजा म्हणण्याची पद्धत आहे. माल पसंत पडला नाही तर त्याला दुसऱ्या दुकानाची पायरी चढता येते. खाटेवरच्या रुग्णाला ही मुभा नसते. त्याला कशाची गरज आहे, हे त्याच्यापेक्षा उपचार करणाराच अधिक जाणतो. म्हणून हा व्यवहार निव्वळ बाजारावर सोपवता येत नाही, त्याला विश्वासाचा आधार लागतो, असे केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले.

अ‍ॅरो यांचा रोख मुख्यतः डॉक्टरांकडे होता. परंतु रुग्णाला सत्तेचा रोजचा अनुभव येतो तो परिचारिकेकडून. पाणी केव्हा मिळणार, कूस केव्हा बदलली जाणार, पडदा ओढला जाणार की नाही, हे तिच्या हाती असते. वयोवृद्धाला ‘अरे-तुरे’ करणे, तक्रार करणाऱ्याकडे मुद्दाम शेवटी जाणे, हाही सत्तेचाच वापर होय. तिच्यावर अनेक खाटांचा भार असतो, हे खरे. पण टंचाईतले वाटप गरजेनुसार व्हावे, मर्जीनुसार नव्हे.

या सत्तेचे उदात्त रूपही महाराष्ट्राने पाहिले आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये तेथीलच एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या परावलंबी झाल्या. १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत, सुमारे साडेएकेचाळीस वर्षे, परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांना अन्न देणे थांबवावे, ही पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली आणि अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना दिला. हा अधिकार रक्ताच्या नात्याने नव्हे, सेवेने मिळाला होता.

मात्र न्यायालय एवढ्यावर थांबले नाही. कर्मचाऱ्यांचे मत पुढे बदलले, तर उच्च न्यायालयाची संमती घ्यावी लागेल, असे त्याने बजावले. ज्यांच्या मायेविषयी शंका नव्हती, त्यांच्या अधिकारालाही अंकुश हवा, हाच याचा अर्थ.

सामान्य वॉर्डातील रोजच्या निर्णयांपर्यंत कोणतेही न्यायालय पोहोचत नाही. तेथे अंकुश असावा तो रुग्णाच्या प्रश्नाचा. ‘सिस्टर, हे कशासाठी?’ असे त्याला न भिता विचारता आले पाहिजे, आणि त्याला उत्तरही मिळाले पाहिजे.