मापुतो : मक्त्याने दिलेले बंदर

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर, इन्याका बेटाच्या आडोशाने जेथे विस्तीर्ण उपसागर शांत झाला आहे आणि तेंबे, उम्बेलुझी, मातोला या नद्या एका रुंद खाडीत येऊन मिळतात, तेथे मोझांबिकची राजधानी मापुतो आणि तिचे बंदर वसले आहे. पोर्तुगीज अमलात हे नगर लोरेन्सु मार्किश या नावाने ओळखले जाई. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयकडूनच चालत असल्यामुळे हा किनारा आपल्या इतिहासाला सर्वस्वी परका नाही.

या उपसागरावर इंग्रजांचाही डोळा होता. तो कलह लवादाकडे गेला आणि १८७५ साली फ्रान्सचे अध्यक्ष मॅकमहॉन यांनी पोर्तुगालच्या बाजूने निवाडा दिला. बंदराचे खरे भाग्य मात्र आजच्या दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालच्या सुवर्णखाणींनी उजळले. कारण त्या खाणींना सर्वांत जवळचा समुद्र हाच होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रिटोरियापर्यंतचा लोहमार्ग पूर्ण झाला आणि १९०३ पासून गोर्जाव धक्क्याची उभारणी सुरू झाली. १९७५ साली मोझांबिक स्वतंत्र झाले, परंतु पाठोपाठ आलेल्या आणि १९९२ पर्यंत धुमसत राहिलेल्या यादवीत रेल्वेवर हल्ले झाले, माल दर्बानकडे वळला, जलमार्गात गाळ साचला आणि धक्के जीर्ण झाले.

अशा अवस्थेत, रिकाम्या खजिन्यातून पुनर्बांधणी होणे अशक्य जाणून शासनाने २००३ च्या एप्रिलात मापुतो बंदर विकास कंपनीशी करारनामा करून बंदराचा कारभार तिच्या हाती सोपविला. या व्यवस्थेचे मर्म असे, की बंदराची मालकी राज्याकडेच राहिली, कंपनीला मिळाली ती केवळ मुदतीची वहिवाट. आणि त्या कंपनीतही ४९ टक्के भाग मोझांबिकच्या सरकारी रेल्वेचा आहे. उरलेल्या ५१ टक्क्यांत आज दक्षिण आफ्रिकेची ग्रिंडरॉड आणि दुबईची डीपी वर्ल्ड हे प्रमुख भागीदार आहेत. यांतील दुसरी कंपनी आपल्या न्हावा-शेवा बंदरातही कंटेनर टर्मिनल चालविते, म्हणून या प्रयोगाचे बरेवाईट आपणही जाणून घ्यावे हे उचित.

फळ डोळ्यांत भरण्याजोगे आहे. गाळ उपसून २०१७ च्या आरंभी जलमार्ग चौदा मीटरांहून खोल झाला, त्यामुळे पूर्वी पूर्ण भार न घेताच निघणारी मोठी जहाजे पूर्ण भाराने हाकारू लागली. जुने धक्के पाडून नव्याने बांधले गेले. आणि मक्त्याच्या प्रारंभी वर्षाला सुमारे ५० लाख टन असलेली मालाची उलाढाल २०२३ साली ३ कोटी १० लाख टनांवर पोहोचली. क्रोम, मॅग्नेटाइट आणि कोळसा हा तिचा मुख्य भार. २०१० साली मक्ता २०३३ पर्यंत वाढविण्यात आला होता. २०२४ च्या प्रारंभी शासनाने ती मुदत थेट २०५८ पर्यंत नेली आणि त्या बदल्यात सुमारे २ अब्ज डॉलर्सच्या गुंतवणुकीचे वचन घेतले.

तथापि बंदराचे सामर्थ्य धक्क्यावर संपत नाही. येथील बहुतांश माल दक्षिण आफ्रिकेचा, आणि त्या देशाची रेल्वे दुबळी झाल्यामुळे खनिजाने लादलेले ट्रक महामार्गावरून दोन्ही देशांमधील लेबोंबोच्या सरहद्दीवर रांगा लावून उभे राहतात. मोझांबिकमधील निवडणुकीनंतरच्या उद्रेकात २०२४ च्या नोव्हेंबरात ही सरहद्द वारंवार बंद पडली, तेव्हा इतका खर्चून खोल केलेला जलमार्गही मालाची वाट पाहत राहिला. रस्ता, रूळ आणि नाका ही तिन्ही अंगे कंपनीच्या नव्हे, दोन देशांच्या शासनांच्या अधिकारातली आहेत. त्यांचे दायित्व बंदराच्या करारनाम्याने कंपनीच्या शिरावर घालता येत नाही.

म्हणून मापुतोचा निर्वाळा असा, की बंदराचा कारभार मक्त्याने देणे यात राज्याची मानहानी नाही. परंतु मालकी राखणारे, भागीदार म्हणून हिशेबाला बसणारे आणि वचन दिलेला प्रत्येक डॉलर धक्क्यावर उतरला की नाही हे पाहणारे सरकार असेल तरच तो मक्ता लोकहिताचा ठरतो. टनांच्या आकड्यांवर संतुष्ट न राहता, २०५८ साली परत हाती येणारे बंदर आणि मधल्या काळात नगरवासीयांना मिळालेला रोजगार व महसूल या दोहोंवरूनच मोझांबिकने या कराराची परीक्षा घ्यावी.