माळवद, स्लॅब आणि चुना
लातूर-धाराशिवकडील ज्या माळवदी घरांत वैशाखाच्या भर दुपारीही अंग निवावे, त्यांचे रहस्य छपराच्या मातीत होते: तुळयांवर सर, सरांवर किलचे, त्यांवर पाला आणि सर्वांवर पांढरीच्या मातीचा असा जाड थर, की ज्यातून दिवसाचे ऊन खाली झिरपेपर्यंत रात्र होई आणि माणसे अंगणात बाजा टाकून निजलेली असत. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंती ढासळल्या आणि तीच माती हजारो निद्रिस्त जीवांवर कोसळली. त्यानंतर त्या मुलुखातील रयतेने माळवदाचा धसका घेऊन पत्रा वा सिमेंटचा स्लॅब पत्करला, तर तिला दोष कोणी द्यावा?

स्लॅबची प्रकृती मात्र निराळी. मे महिन्याच्या मध्याला त्या अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्य अगदी माथ्यावर येतो, त्यामुळे भिंतींना तिरपे लागणारे ऊन छपराला सरळ झेलावे लागते. आणि चार-पाच इंचांचे काँक्रीट ती उष्णता दुपारभर पिऊन, माळवदाइतका वेळ अडवून धरण्याचे सामर्थ्य नसल्याने, माणसे कामावरून परतून विसावू पाहतात नेमक्या त्याच वेळी खोलीत सोडू लागते. मग पंखा तापलेलीच हवा फिरवीत राहतो, आणि ज्यांना परवडते त्यांच्याकडे वातानुकूलन यंत्र रात्रभर वीज खाते. पत्र्याखालच्या संसाराचे हाल तर याहून तीव्र.

सबब उपाय असा हवा, की ज्याचा भार छपरावर पडणार नाही; आणि तो रंगात आहे. उघडे करडे काँक्रीट उन्हाचा जेमतेम तिसरा हिस्सा परतवते, तर कळीच्या चुन्याचे दोन-तीन हात दिलेला स्वच्छ स्लॅब सत्तर टक्क्यांहून अधिक ऊन आकाशाला परत करतो. पांढऱ्या फरश्यांचे तुकडे बसवणे अधिक टिकाऊ, पण खर्चाचे, आणि पुन्हा वजनाचेच. अहमदाबादेत २०१७ साली गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याची मोहीम निघाली. मराठवाड्याला लागूनच असलेल्या तेलंगणाने २०२३ मध्ये स्वतंत्र धोरण जाहीर करून सरकारी इमारतींना अशी छपरे सक्तीची केली. आपल्या घरकुलांच्या अंदाजपत्रकात चुन्याच्या दोन हातांची तजवीज असू नये, याचे मला मनापासून दुःख होते.

चुना पावसाने धुपतो, धुळीने मळतो; म्हणून दरसाल होळी झाली, की गच्ची झाडून धुवावी, भेगा बुजवाव्यात आणि पहिला हात ऊन कलल्यावर द्यावा, म्हणजे तो घाईने सुकून पोपडे धरीत नाही.