अमरापूरकरांचं 'कन्यादान'

पाथर्डीहून शेवगावकडे निघालं की वाटेत अमरापूर लागतं. रेणुकामातेच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीला हे गाव ठाऊक आहे. उरलेल्या देशाला ते एका आडनावातून भेटलं. 'अर्धसत्य'मधला थंड डोळ्यांचा रामा शेट्टी, 'सडक'मधली महाराणी आणि नंतरचे कित्येक खलनायक साकारणारे सदाशिव अमरापूरकर मूळचे याच गावचे. त्यांचं घडणं झालं नगरमध्ये. नगरकरांच्या तोंडी त्यांचं नाव होतं 'तात्या'.

सिनेमावाल्या तात्यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. त्या मानाने १९८३ सालातली एक गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. त्या वर्षी विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून उतरलेल्या दोन गोष्टींशी अमरापूरकरांचं नाव जोडलं गेलं. पहिली म्हणजे गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य'. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून त्याची पटकथा तेंडुलकरांनी लिहिली होती. दुसरी म्हणजे 'कन्यादान' हे दोन अंकी नाटक. सिनेमात अमरापूरकर कॅमेऱ्यासमोर होते, नाटकात दिग्दर्शकाच्या खुर्चीत. नाटकाची निर्मिती 'इंडियन नॅशनल थिएटर'ची होती आणि प्रमुख भूमिकेत डॉ. श्रीराम लागू होते. सिनेमाने अमरापूरकरांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला. नाटकाने त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना वादात लोटलं. चाळीस वर्षं उलटली, तरी तो वाद पुरता मिटलेला नाही. मिटू नये असाच तो आहे.

नाटक पुण्यातल्या एका सुशिक्षित घरात घडतं. यदुनाथ ऊर्फ नाथ देवळालीकर हे समाजवादी आमदार. सदा दौऱ्यावर, सदा भाषणात. बायको सेवा स्त्रियांच्या चळवळीत, मुलगा जयप्रकाश, मुलगी ज्योती. या घरात प्रत्येक गोष्टीवर चर्चा होते, मतं मांडली जातात, मुलांना मोकळीक असते. एक दिवस ज्योती सांगते की ती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न करायचं म्हणते आहे. नाथ हरखून जातात. आयुष्यभर व्यासपीठावरून जे सांगितलं, ते आपल्याच घरात उतरतंय, याचा त्यांना कोण आनंद! आईच्या आणि भावाच्या मनात शंका आहेत, पण नाथ त्या ऐकण्याच्या मनःस्थितीत नाहीत.

अरुण पहिल्यांदा घरी येतो तो प्रवेश तेंडुलकरांनी फार बारकाईने लिहिला आहे. मोठ्या घरात आपल्याला गुदमरल्यासारखं होतं, असं तो ज्योतीला सांगतो. आपल्या वाडवडलांनी काय काय गिळलं, कुठे कुठे अन्न मागितलं, ते तो ओकल्यासारखा बोलत जातो. मध्येच चिडून तिचा हात पिरगाळतो आणि लगेच ओशाळतो. संसार कसा चालवणार, असं सेवाने विचारल्यावर दारू गाळू, असं मुद्दाम बोलून तिला डिवचतो. काही वेळाने नाथ घरात शिरतात आणि या सगळ्यातलं काहीही न पाहता त्याचं भरभरून स्वागत करतात. प्रेक्षकाने पाहिलेलं असतं, नाथांना दिसत नसतं. सगळं नाटक या फटीतून पुढे सरकतं.

लग्नानंतर अरुण ज्योतीला मारहाण करतो. ती गरोदर असताना तिच्या पोटावर लाथ मारण्यापर्यंत प्रकरण जातं. दरम्यान त्याचं आत्मकथन प्रसिद्ध होतं, गाजतं, आणि त्यावरच्या कार्यक्रमात नाथांनी बोलावं असा आग्रह सुरू होतो. मुलीला आणखी त्रास होऊ नये म्हणून नाथ जातात आणि पुस्तकाचे गोडवे गाऊन येतात. मग ज्योती येते आणि बापाला त्या खोट्या भाषणाचा जाब विचारते. माणसातला देव आणि राक्षस वेगळे काढता येत नाहीत, तुम्ही आम्हाला हे कधी शिकवलंच नाही, असं ती सुनावते. मी आता देवळालीकरांची मुलगी उरले नाही, अरुण आठवलेची बायको आहे, एवढं सांगून ती परत जाते. नाथ मागे उरतात.

हे नाटक उभं करणारी मंडळी कोण होती, हे पाहिल्याशिवाय त्याचं धाडस पुरतं कळत नाही.

तेंडुलकर दलित साहित्याकडे लांबून पाहणारे लेखक नव्हते. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह १९७२ साली आला तेव्हा त्याची प्रस्तावना तेंडुलकरांनी लिहिली. ती लिहिण्याआधी कवीबरोबर ते मुंबईतल्या गोलपिठा वस्तीत फिरले. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पुढे १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' हे आत्मकथन आलं. पवार नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. शहरी मध्यमवर्गाला पहिल्यांदाच आपल्या शेजारच्या माणसाचं आयुष्य त्याच्याच तोंडून ऐकायला मिळत होतं. सत्कार होत होते, परिसंवाद भरत होते. आणि त्याच १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. सभागृहातल्या टाळ्या आणि गावातली आग एकाच काळातली होती. 'कन्यादान' लिहिलं गेलं ते या हवेत.

डॉ. लागू पेशाने कान-नाक-घशाचे सर्जन. १९६९ मध्ये त्यांनी वैद्यकी सोडली आणि पूर्णवेळ नाटक पत्करलं. तेंडुलकरांशी त्यांची गाठ आधीच पक्की होती. 'गिधाडे' त्यांनी दिग्दर्शित केलं तेव्हा एका स्त्रीपात्राच्या साडीवरच्या रक्ताच्या डागाला सेन्सॉरने हरकत घेतली. लागूंनी तो डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं की हा निळा डाग लाल आहे असं समजावं. देव-धर्माबद्दलची आपली मतं उघडपणे मांडणारा, परिवर्तनाच्या चळवळींच्या व्यासपीठावर बसणारा हा नट. नाथ देवळालीकर त्यांना बाहेर शोधायला जायची गरज नव्हती. अशी माणसं त्यांच्या उठण्याबसण्यातली होती, आणि समोरच्या खुर्च्यांतही तीच होती.

आणि अमरापूरकर. नगरच्या हौशी रंगभूमीवर वाढलेला, इतिहास शिकलेला माणूस. जयू आणि नचिकेत पटवर्धनांच्या '२२ जून १८९७' या चित्रपटात ते टिळक झाले. श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'मध्ये ते महात्मा फुले झाले. टिळक आणि फुले या दोन्ही भूमिका एकाच नटाने केल्याची उदाहरणं फार नसतील. गावाकडची मुळं असलेला हा दिग्दर्शक पुण्याच्या दिवाणखान्यातलं नाटक बसवत होता. गावात जात घराच्या जागेवरून, विहिरीवरून आणि मसणवटीवरून कळते. शहरातल्या दिवाणखान्यात ती बोलण्यात लपते. दोन्ही ओळखणारा माणूस या नाटकाला हवाच होता.

अरुणची भूमिका हा या नाटकातला सगळ्यात अवघड भाग. नटाने त्याला सरळ खलनायक केलं की नाटक तिथेच मरतं, कारण मग सभागृहातला प्रेक्षक 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' म्हणत समाधानाने घरी जातो. अरुणचं हात पिरगाळणं जितकं खरं, तितकंच त्याचं ओशाळणंही खरं वाटलं पाहिजे. नाथांचंही तेच आहे. त्यांची थट्टा होता कामा नये. ते प्रामाणिक आहेत आणि चुकले आहेत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसाव्या लागतात.

नाटकावर दलित लेखक-कार्यकर्ते संतापले, आणि त्यांच्या संतापाला आधार होता. रंगमंचावर मुळात दलित नायक येतो किती वेळा? आणि आला तो बायकोला मारणारा! एका अरुणवरून सगळ्या समाजाला मोजलं जाणार, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. मारहाण देवळालीकरांच्या शेजारच्या बंगल्यातही होते, मग नाटककाराची नजर इथेच का पडली, हा प्रश्न रास्त आहे. नाटकात अरुणला नाथांशी सरळ वाद घालायची संधीच मिळत नाही. नाटकातली ही उणीव मान्य करायला हवी. घरातल्या हिंसेबद्दल दलित स्त्रिया पुढे स्वतःच लिहित्या झाल्या. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आलं. त्यात बाईचा छळही आहे आणि तो कुठून येतो हेही आहे. 'कन्यादान' पाहिलेल्याने ते पुस्तक वाचलंच पाहिजे.

तेंडुलकरांनी हा राग अंगावर घेतला. १९९३ सालचा सरस्वती सन्मान त्यांना याच नाटकासाठी मिळाला. ज्या नाटकासाठी एकदा अंगावर चप्पल फेकली गेली त्याच नाटकासाठी आज सन्मान होतो आहे, या दोन्ही निवाड्यांचा आपण आदर करतो, असं त्यांनी सन्मान स्वीकारताना सांगितलं. हे नाटक कुणाच्या विजयाची गोष्ट नसून पराभवाची आणि वैचारिक गोंधळाची कबुली आहे, असंही ते म्हणाले. लेखकाने स्वतःच्या नाटकाबद्दल इतकं स्वच्छ बोलणं मराठीत दुर्मीळ आहे.

'कन्यादान'च्या उलट दिशेचं उदाहरणही लागूंच्याच वाट्याला आलं. प्रेमानंद गज्वी यांनी 'किरवंत' लिहिलं. अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणांना त्यांचेच जातवाले कसे दूर ठेवतात, त्याचं हे नाटक. दलित लेखक ब्राह्मण घरातलं दुःख लिहीत होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लागूंनी ते दिग्दर्शित केलं आणि त्यात मुख्य भूमिकाही केली. 'कन्यादान' आणि 'किरवंत' शेजारी ठेवून वाचली तर जातीबद्दल एरवी दहा व्याख्यानांत कळणार नाही एवढं कळतं.

या मंडळींनी नाटक केलं आणि ती घरी गेली, असं मात्र झालं नाही. १९८७ च्या सुमारास डॉ. लागू, डॉ. बाबा आढाव आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने 'सामाजिक कृतज्ञता निधी' उभारायचं ठरलं. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरची चूल पेटती राहावी म्हणून त्याला दरमहा मानधन द्यायचं, ही कल्पना. पैसा कुठून आणायचा? आचार्य अत्र्यांचं १९३६ सालचं 'लग्नाची बेडी' घेऊन कलावंत महाराष्ट्रभर फिरले. लागू, निळू फुले, तनुजा आणि सदाशिव अमरापूरकर त्यात होते. हे निव्वळ हसवणारं नाटक. पण त्या तिकिटांतून आलेल्या पैशावर कुठे वस्तीवरची शाळा, कुठे मजुरांची संघटना चालवणारा माणूस टिकून राहिला. नाटकाने समाजासाठी काय केलं, असं कुणी विचारलं तर हे उत्तर मोजून दाखवता येणारं आहे.

अमरापूरकर पुढे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात राहिले, नर्मदेच्या विस्थापितांच्या बाजूने उभे राहिले, नगरच्या 'स्नेहालय' या संस्थेशी जोडलेले राहिले. २०१३ च्या मार्चमधली घटना तर कित्येकांना आठवत असेल. त्या वर्षी मराठवाडा आणि नगर जिल्ह्याचा मोठा भाग दुष्काळात होरपळत होता. माणसं टँकरची वाट पाहत होती, जनावरं छावणीत बांधली होती. मुंबईत त्यांच्या घराजवळ होळीच्या निमित्ताने पाण्याचे फवारे सोडून नाच चालला होता. बासष्ट वर्षांचे तात्या खाली उतरले आणि पाणी वाया घालवू नका, असं सांगायला गेले. तिथे त्यांना धक्काबुक्की झाली. बातमी देशभर गेली. पण त्यांनी आपलं म्हणणं मागे घेतलं नाही. शेवगाव-पाथर्डीच्या माणसाला पाण्याचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

३ नोव्हेंबर २०१४ रोजी ते गेले. तेंडुलकर २००८ मध्ये गेले होते. लागू डिसेंबर २०१९ मध्ये गेले.

रंगभूमीवरून जातीबद्दल बोलण्याचं हे काम त्यांच्यापुरतं राहिलं नाही, उलट ते आता गावाकडून शहराकडे येतं आहे. २०१२ मध्ये आलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे त्याचं ठळक उदाहरण. लेखक राजकुमार तांगडे जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थचे, कल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं, आणि रंगमंचावर शेतीत राबलेली पोरं. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत त्यांनी गर्दी खेचली. इथे कुणी कुणाबद्दल बोलत नव्हतं. ज्याची गोष्ट, तोच सांगत होता. 'कन्यादान'मध्ये अरुणला जे बोलायला मिळालं नाही, त्यातलं बरंच या पोरांनी बोलून घेतलं.

शेवगाव, पाथर्डी, नेवासा या भागातल्या महाविद्यालयांत दरवर्षी एकांकिका बसतात. एखाद्या वर्षी 'कन्यादान' घ्यावं. पूर्ण नाटक झेपत नसेल तर अरुण पहिल्यांदा घरी येतो तो प्रवेश आणि शेवटचा बाप-लेकीचा प्रवेश, एवढंच करावं. त्यासाठी परवानगी घ्यावी आणि हक्काचं मानधन द्यावं. अरुणची भूमिका अशा मुलाला द्यावी, ज्याचं या संहितेशी भांडण आहे. ज्योतीची भूमिका अशा मुलीला द्यावी, जी शेवटी परत जाण्याच्या तिच्या निर्णयावर प्रश्न विचारेल. आणि पडदा पडल्यावर दिवे लावून प्रेक्षकांना बसवून ठेवावं, अर्धा तास बोलू द्यावं. सभागृह मिळालं नाही तर अमरापूरच्या शाळेचं पटांगणही चालेल.